चुळबुळणारा वर्ग आणि खेळाचा तास : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : चौथीत 42 मुलं. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या तासाला चुळबुळ, ढकलाढकली सुरू होते. मैदानावर न्यायला वेळ नसतो. काय करावं?

गोंधळ वाढल्यावर खेळ देऊ नका, त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी द्या. नाहीतर दंगा केला की खेळायला मिळतं, हे मुलं लगेच हेरतात. वर्गातच 5 ते 7 मिनिटं पुरतात. दप्तरं बाकाखाली, मुलं बाकाशेजारी उभी. 30 सेकंद जागेवर धावणं, 15 सेकंद थांबणं, असं चार वेळा. मग सातचा पाढा, प्रत्येक आकड्याला एक उडी. खालच्या मजल्यावर वर्ग भरत असेल तर उडीऐवजी टाचा उचलायला लावा. जेवल्या जेवल्या मात्र हे नको, पोटात दुखतं.

बिघडतं ते शेवटी. धापा टाकणाऱ्या मुलाला एकदम ‘गप्प बस’ म्हणून तो बसत नाही. शेवटचं मिनिट जागेवर सावकाश चालणं, दोन घोट पाणी, मग बसणं. पहिलं गणित फळ्यावर आधीच लिहिलेलं हवं. तुम्ही खडू शोधेपर्यंत वर्ग हातचा जातो.

प्रश्न : मुलगा वर्गात बोलतो म्हणून त्याला मधल्या सुट्टीत आत बसवून ठेवतात. हे बरोबर आहे?

नाही. ज्याला हालचालीची गरज जास्त, त्याचीच सुट्टी कापली जाते आणि पुढचा तास आणखी अवघड जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नये, असं सांगितलं. बाईंना भेटा, पण पर्याय घेऊन : जागा बदलणं, वह्या वाटायचं काम देणं. मैदानाच्या फेऱ्या आणि उठाबशाही शिक्षा म्हणून नकोत. मग पळण्याचाच तिटकारा बसतो.

प्रश्न : पीटीला लंगडी घेतो, तरी निम्मी मुलं बसूनच असतात.

कारण बाद झालेला बसतो, आणि आधी बाद होतात ती बहुतेक वेळा हळू पळणारी मुलं. दहा-दहाचे चार डाव करा, फक्कीने चौकोन आखा. बाद झालेल्याने झाडाला शिवून पुन्हा डावात यायचं. लंगडी घालणारा दर मिनिटाला बदला.

प्रश्न : आठवड्याला पीटीचे दोन तास पुरेत ना?

नाहीत. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. पीटीचे हे दोन तासही परीक्षेआधी गणिताला जातात, ते आधी वाचवा.