वेठ कुणाची?

प्रिय चिऊ,

‘संपामुळे मुंबईकर वेठीस’ असं बातम्यांत का म्हणतात, आणि आजी मेथी निवडायला बसवते तीही वेठच ना, हे तुझे दोन्ही प्रश्न पोचले. दुसरा कशासाठी विचारलायस ते सिंगापुरात बसूनही कळतं मला.

वेठ म्हणजे मोबदला न देता, जबरदस्तीने करून घेतलेलं काम. पूर्वी अंमलदार गावात आला की दिसेल त्याला पकडून ओझी वाहायला लावत. ते वेठीस धरणं. फारसीतली बिगार त्याच अर्थाची. ती वेठीला चिकटली आणि वेठबिगार झाली. आपल्याकडे मिस्त्रीच्या हाताखाली घमेली उचलणाऱ्याला अजून बिगारीच म्हणतात, पण तो दिवसाचे पैसे मोजून घेतो.

आता लोकल जाते त्या डहाणूकडे, तलासरीकडे वारली लोक जमीनदाराची वेठ करायचे. लग्नासाठी थोडं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज काही फिटायचं नाही. १९४५ साली किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ठरवलं, आता वेठ करायची नाही. पुढे घटनेच्या २३व्या कलमाने वेठीला बंदी आली, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची असली कर्जंच रद्द झाली.

म्हणून ती बातमी मला खटकते. ज्याला काम थांबवायची सोयच नव्हती त्याचा हा शब्द, आणि आपण तो काम थांबवणाऱ्यावरच उगारतो. बस नव्हती, तुझे हाल झाले, कबूल. मग हाल म्हणा ना!

इथे मुलगे अठरा वर्षांचे झाले की साधारण दोन वर्षं सैन्यात किंवा पोलिसांत काढतात. सक्तीच ती, पण श्रीमंताच्या पोरालाही चुकत नाही, आणि दरमहा भत्ता मिळतो. तिला मी सक्तीची सेवा म्हणेन, वेठ नाही. सार्वजनिक कामासाठी अशी सेवा लावायची मुभा आपल्याही घटनेत सरकारला आहे. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून लावता येत नाही.

राहिली मेथी. तिचे पराठे सगळ्यात जास्त कोण खातं? तेव्हा ही वेठ नव्हे. आजीपुढे तर हा शब्द काढूच नकोस. ती म्हणेल, “मग मी इतकी वर्षं ओट्यापाशी काय करतेय?” आणि त्यावर मलाही काही बोलता येणार नाही.

तुझा,
बाबा