गिटारवर लीड रिफ (गाण्यातला सुरांचा छोटा ठळक तुकडा) शिकताना कुठलं बोट कुठे ठेवायचं हे कसं ठरवायचं?

टॅबमध्ये, म्हणजे तारा आणि आकड्यांत लिहिलेल्या नोटेशनमध्ये, तार कळते, फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर) कळतो पण बोट कुठलं ते लिहिलेलं नसतं, हीच तुमची अडचण आहे ना. मी रिफ पहिल्या नोटपासून बसवतच नाही. आधी त्यातली सगळ्यात अवघड जागा शोधतो, बहुतेक वेळा बेंड (तार ढकलून सूर चढवणं) नाहीतर लांब धरलेला व्हायब्रॅटो (सूर हलवत ठेवणं), तिथे दमदार बोट आलंच पाहिजे, मग तिथून मागे मागे येत बाकीची बोटं ठरवतो.

ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलमधला नेहमीचा तुकडा घ्या, पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक. तिसऱ्या तारेवर ७व्या फ्रेटला पूर्ण टोनचा बेंड, मग दुसरीचा ५वा, पहिलीचा ५वा आणि परत दुसरीचा ८वा. बेंडला अनामिका, पण एकटी नाही, मागे ६व्यावर मधलं बोट आणि ५व्यावर तर्जनी टेकवून तिघांनी मिळून तार ढकलायची. पुढचे दोन्ही ५वे तर्जनीनेच, फक्त दोन्ही तारा एकदम दाबून ठेवू नका, बोट एकीवरून दुसरीवर वळवा, नाहीतर सूर एकमेकांत मिसळतात आणि डिस्टॉर्शन चालू असेल तर सगळा चिखल होतो. आता ८वा नुसता वाजवून पुढे जायचं असेल तर करंगळी ठीक आहे, पण तिथेच बेंड असेल तर हात एक फ्रेट पुढे सरकवून अनामिका आणा. म्हणजे फ्रेट तोच पण पुढे काय येतंय त्यावर बोट बदलतं!

एका फ्रेटला एक बोट हा नियम चांगलाय पण सगळीकडे नाही चालत. ६४८ मिमी स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट साधारण ३६ मिमी रुंद असतो आणि १२व्याच्या पुढचा त्याच्या निम्मा, त्यामुळे वर गेल्यावर मी करंगळी सोडून तीनच बोटं वापरतो. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची १९२८च्या आगीत दोन बोटं निकामी झाली, नंतरचे सोलो त्याने मुख्यतः तर्जनी आणि मधल्या बोटावर वाजवले, तेव्हा चारही बोटं वापरलीच पाहिजेत असं काही नाही.

तरीही अडलं तर जागाच बदला. पहिली तार मोकळी सोडल्यावर जो सूर येतो तोच दुसरीच्या ५व्यावर, तिसरीच्या ९व्यावर, चौथीच्या १४व्यावर पण मिळतो, फक्त जाड तारेवर आवाज जरा गोल येतो तेवढं कानाला पटतंय का बघा.

आणि हो, हळू वाजवताना कुठलीही बोटं चालून जातात, म्हणून बोटं ठरली की चार-पाच नोट्सचा तुकडा लगेच खऱ्या स्पीडला वाजवून बघा, जमलं तरच टॅबवर पेन्सिलने बोटांचे १ ते ४ आकडे (तर्जनी १, करंगळी ४) टाका. कुठला रिफ अडलाय ते कॉमेंटमध्ये लिहा, बघून सांगतो.