लिमाहून कुस्कोला जाताना

प्रश्न : पेरूत लिमा ते कुस्को अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो? सकाळी लिमाहून निघून त्याच दिवशी कुस्को शहर पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी माचू पिचू, असा बेत आहे. सोबत 67 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सरळ रेषेत सुमारे 585 किलोमीटर. विमान साधारण सव्वा ते दीड तासात पोहोचतं. बसने नाझ्का, अबानकायमार्गे सुमारे 1,100 किलोमीटर पडतात आणि वीस-बावीस तास घाटवळणांत जातात. सासूबाईंना घेऊन विमानानेच जा.

पण तुमच्या बेतात मला काळजी वाटते ती या सव्वा तासाचीच. लिमा समुद्राकाठी, तर कुस्को सुमारे 3,400 मीटर उंचीवर, जवळपास लेहइतकं. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर; त्याच्या दुपटीहून वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

मी कुस्कोला उतरले तेव्हा टर्मिनलपर्यंत चालताना काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी सान ब्लास वस्तीच्या चढावर मात्र डोकं ठणकायला लागलं, थोड्या थोड्या पायऱ्यांवर थांबावं लागलं. विरळ हवेच्या या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. तो बहुधा काही तासांनी गाठतो, म्हणून पहिल्या दुपारी लोक खुशाल भटकतात आणि रात्री उलट्या, डोकेदुखीने बेजार होतात.

तेव्हा क्रम उलटा करा. विमानतळावरून गाडी करून थेट उरुबांबा खोऱ्यात उतरा. उरुबांबा किंवा ओयांतायतांबो इथली उंची 2,900 मीटरच्या आतच आहे. तिथे दोन रात्री काढा, मग ओयांतायतांबोहून रेल्वेने माचू पिचू गाठा. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रवेशाचं तिकीट तारीख आणि वेळेनुसार मिळतं, ते आधीच काढा. कुस्को शहर शेवटी ठेवा. साक्सायवामानचा किल्ला तर शहराहूनही उंच, तो अगदी अखेरीस.

सासूबाईंना निघण्याआधी डॉक्टरांकडे नक्की न्या. उंचीवरच्या त्रासासाठी असेटाझोलामाइड देतात, पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ते आपल्या मनाने मुळीच सुरू करू नका. पहिले दोन दिवस हलकं जेवण, भरपूर पाणी. किनुआ या तिथल्या धान्याचं सूप शाकाहारी मिळतं का ते विचारून घ्या. धाप बसूनही थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तो तिथे सर्रास पितात, पण ती पानं भारतात आणू नका, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

विमान शक्यतो सकाळचं घ्या. कुस्कोचा विमानतळ डोंगरांनी वेढलेला आहे, दुपारनंतर वारा वाढतो, आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचे ढगही असतात. उशीर झाला तर पुढचं सगळं कोलमडतं, म्हणून परतताना लिमात एक रात्र मुक्काम ठेवूनच भारताकडचं विमान पकडा.