इंदूरमध्ये हॉस्पिटलचा टक्का, अ‍ॅप आणि कंपनीचं पॅनल सोडून फक्त थेट, जास्त फीवर थेरपीची प्रॅक्टिस चालेल का?

चालेल. पण 'इन्शुरन्स सोडा, थेट मोठी फी घ्या' असं सांगणाऱ्या ज्या अमेरिकन व्हिडिओंचा तुम्ही उल्लेख केलाय, त्यांतला हिशेब आपल्याकडे अर्धामुर्धाच लागू पडतो.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: तुम्ही आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी झालेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात, एका खासगी हॉस्पिटलात टक्क्यावर बसता, म्हणजे फीतला वाटा हॉस्पिटल घेतं, संध्याकाळी एका ऑनलाइन अ‍ॅपवर सेशन घेता, शिवाय एका आयटी कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे तिने कर्मचाऱ्यांसाठी ठरवलेल्या थेरपिस्टांच्या यादीत आहात. आठवड्याला तीसेक सेशन होतात, तरी हातात फारसं उरत नाही. आता हे तिन्ही सोडून मोजके, पूर्ण फी देणारे क्लायंट घ्यायचेत. मीही इंदुरातच हेच काम करते, बरीच वर्षं, आणि आता फक्त स्वतःच्या क्लिनिकवर.

अमेरिकेत 'प्रायव्हेट पे' म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या पॅनलवरून नाव काढून घेणं. तिथे पॅनलवर असलात की दर कंपनी ठरवते, बिल मंजूर व्हायला निदानाचा कोड टाकावा लागतो, आणि नंतर तपासणीत खोट निघाली तर दिलेले पैसे परतही मागतात. म्हणून बरेच थेरपिस्ट पॅनल सोडतात. पण त्यांच्या क्लायंटला 'सुपरबिल' नावाची तपशीलवार पावती मिळते. तिच्यावर सेशनचा कोड असतो, ४५ मिनिटांचा ९०८३४ किंवा तासाभराचा ९०८३७. पॉलिसीत तशी सोय असेल तर ती पावती दाखवून क्लायंट काही रक्कम परत मिळवतो. १ जानेवारी २०२२पासून तिथे स्वखर्चाने येणाऱ्याला अंदाजे खर्च आधी लेखी द्यावा लागतो, तेही याच व्यवस्थेचा भाग आहे. सांगायचं ते एवढंच, की तिथली मोठी फी कितीतरी वेळा क्लायंटच्या एकट्याच्या खिशातून जात नाही.

आपल्याकडे सोडायला इन्शुरन्सच नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. त्याच्या कलम २१(४)नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने तसं कंपन्यांना कळवलंही. पण आपल्या बहुतेक पॉलिसी माणूस भरती झाला की पैसे देतात. दर मंगळवारी पाच वाजता येऊन पन्नास मिनिटं बसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही, ओपीडीची जोड असलेली महाग पॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुमचे बहुतेक क्लायंट आजही स्वतःच्याच खिशातून देताहेत. तुम्ही सोडणार आहात ते मधले लोक: हॉस्पिटल, अ‍ॅप, कंपनी. आणि मधला माणूस टक्का घेतो तो नवा माणूस तुमच्या दारापर्यंत आणून सोडण्याचा. फी वाढवायला एक दिवस पुरतो. दाराशी माणूस आणायची ती सोय स्वतः उभी करायला वर्ष-दीड वर्ष जातं. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

कागदावर मांडून बघा. समजा आज तीस सेशन होतात आणि प्रत्येकाचे तुम्हाला ६०० मिळतात. आठवड्याचे १८,०००. आता स्वतःच्या जागेत १,८०० फीने १४ सेशन केलीत तर २५,२००. भाडं-वीज आठवड्याला ३,६०० धरली तर २१,६०० उरतात. निम्म्याहून कमी काम आणि पैसे जास्त, इथवर व्हिडिओवाले बरोबर आहेत. पण त्या १४मधली दोन सेशन ऐनवेळी रद्द झाली की तुम्ही पुन्हा बरोबर १८,०००वर. तीस सेशनांत दोन गेली तर जाणवत नाही, चौदात जाणवतं. म्हणून 'चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी' हा नियम पहिल्या भेटीतच लेखी द्या, आणि पहिल्यांदा मोडला जाईल तेव्हाच पाळा. इंदुरात तो मोडला जाणारच. लग्नसराई आहे, ग्यारस (एकादशी) आहे, बाहेरगावचे पाहुणे आलेत.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. एक क्लायंट साधारण बारा आठवडे येतो असं धरलं, तर १४ जागा भरलेल्या ठेवायला तीन महिन्यांत १४ नवी माणसं लागतात, म्हणजे महिन्याला जवळपास पाच. फोन करणारा प्रत्येक जण येत नाही, त्यामुळे फोन दहा-बारा तरी यायला हवेत. तेही १,८०० ऐकून फोन न ठेवणारे. हे दहा-बारा फोन आज कोण करवतंय? हॉस्पिटल आणि अ‍ॅप. उद्या कोण करवणार?

इन्स्टाग्रामवरून फार येत नाहीत, आणि आले तर पहिला प्रश्न 'फर्स्ट सेशन फ्री है क्या'. माझ्याकडे टिकणारी माणसं डॉक्टरांकडून येतात. त्यातही सगळ्यात आधी सायकिअ‍ॅट्रिस्टकडून, कारण त्यांच्या ओपीडीत गर्दी असते, गोळी लिहून देण्यापलीकडे बोलायला वेळ नसतो आणि बोलणारं कुणी विश्वासाचं हवं असतं. मग स्त्रीरोगतज्ज्ञ (बाळंतपणानंतरचं नैराश्य, आयव्हीएफ फसल्यावरची अवस्था), मग पोटाचे आणि त्वचेचे डॉक्टर. यांना भेटायला जाताना माहितीपत्रक छापून नेऊ नका, ते टेबलावर पडून राहतं. त्यांनी पाठवलेल्या पेशंटबद्दल, पेशंटची परवानगी घेऊन, चार ओळींचं पत्र परत पाठवा: काय आढळलं, काय करतोय, किती आठवडे लागतील, औषधाबद्दल त्यांनी काय बघावं. हे आपल्या शहरात फार थोडे जण करतात. कमिशन मात्र देऊ नका. इथे 'कट' मागणारे भेटतील. एकदा दिलात की मधला माणूस परत आला, फक्त नाव बदलून.

डॉक्टरला तुमचं नाव आठवायला हवं असेल तर तुम्ही एका गोष्टीसाठी ओळखले जायला हवं. 'अ‍ॅन्झायटी, डिप्रेशन, रिलेशनशिप, करिअर, पेरेंटिंग' असं सगळं पाटीवर असेल तर कुठलंच लक्षात राहत नाही. ओसीडीचं उदाहरण घ्या, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी सतत धुणं-तपासणं. आपल्या मराठी घरांत ते वर्षानुवर्षं सोवळ्या-ओवळ्याच्या नावाखाली खपून जातं. आजींचं सोवळं कडक होतं, सूनबाईंना स्वच्छतेची आवड आहे, मुलगा जरा चिकित्सक आहे. त्यात हे शहर देशात सगळ्यात स्वच्छ म्हणून मिरवतं, त्यामुळे तासभर हात धुणाऱ्याचं कौतुकच होतं. घरातल्यांना कळतं तेव्हा मुलाची परीक्षा बुडालेली असते. त्यावरचा उपचार म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जायचं आणि नंतरचा धुण्या-तपासण्याचा विधी रोखायचा. हे तीस मिनिटांच्या स्लॉटमध्ये होत नाही. कित्येकदा नव्वद मिनिटांची सेशन लागतात, सुरुवातीला आठवड्यातून दोन, काही वेळा थेट त्यांच्या घरी, बाथरूमच्या दाराशी उभं राहून. आईला वेगळं शिकवावं लागतं, कारण दर वेळी 'झालं हो, स्वच्छ झालं' म्हणून धीर देणारी तीच असते. हॉस्पिटलच्या टक्क्यात हे कुणी करू शकत नाही. जास्त फी मागायला हे खरं कारण आहे. तुमचं क्षेत्र वेगळं असेल, जोडप्यांचं काम असेल, भंवरकुआँच्या कोचिंगमधल्या मुलांचं असेल. पण हॉस्पिटलच्या स्लॉटमध्ये न बसणारं काहीतरी हवं.

सोफा, डिफ्यूझर, मंद पिवळे दिवे यांवर पैसे घालू नका. घालायचेच असतील तर दारावर घाला. सियागंजचा व्यापारी किंवा तिलकनगरचे निवृत्त प्राध्यापक जास्त पैसे देतात ते कुणी बघू नये म्हणून. वेगळा जिना, दोन अपॉइंटमेंटमध्ये वीस मिनिटांची फट, जेणेकरून जाणारा आणि येणारा समोरासमोर येणार नाहीत, खाली नावाची साधी पाटी. पार्किंगपण बघा. ओळखीची स्कूटर बाहेर दिसली की संध्याकाळपर्यंत बातमी होते.

व्यापारी कुटुंबं घासाघीस करतात, त्यात अपमान मानू नका, ते साडीवरही करतात आणि जमिनीवरही. 'मैडम, दस का पैकेज बना दो, एकमुश्त दे देंगे' हे ऐकायला मिळेल. मी पॅकेज करत नाही. सहाव्या सेशनला माणूस बरा झाला तर उरलेल्या चारांचं काय, आणि नाही झाला तर दहाव्याला मी त्याला काय तोंड दाखवू? फोनवर फी विचारली की आकडा सांगा आणि गप्प बसा. 'तशी अठराशे आहे, पण…' यातला 'पण' तुम्हाला महिन्याला काही हजारांना पडतो.

आता अवघड भाग, ज्यावर ते व्हिडिओ काहीच बोलत नाहीत. इंदूरचा मराठी समाज लहान आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जा, गणेशोत्सवात जा, भिशीला जा, तीच माणसं. तुम्ही थेट प्रॅक्टिस सुरू केलीत की सगळ्यात आधी हेच येतील, 'अगं, तू आपलीच आहेस' म्हणत. काहींना फुकट हवं असेल, काहींना पूर्ण फी देऊन हवं असेल. धोका दुसऱ्या प्रकारात जास्त आहे. सुरुवातीच्या रिकाम्या महिन्यांत पैसे देणारी ओळखीची वहिनी नाकारायला जिवावर येतं. तरी नाकारा. तिची सासू तुमच्या आईच्या भजनी मंडळात असते, आणि तुम्ही तोंड कितीही शिवून ठेवलंत तरी तिला पुढच्या हळदीकुंकवात तुमच्यासमोर मोकळं बसता येत नाही. मी सरळ दुसऱ्या थेरपिस्टचं नाव देते. त्यांच्याकडची अशी माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे पैशांचंही कुणाचं नुकसान होत नाही. असे दोन-तीन सहकारी आधी जोडून ठेवा.

सोडायचा क्रम: आधी अ‍ॅप. तिथले क्लायंट अ‍ॅपचे असतात, तुमचे नव्हेत, आणि मोठी फी द्यायला तयार असलेले त्यांत थोडे. मग कंपनीचं पॅनल, पण तिथल्या एचआरशी संबंध ठेवा, वर्षातून एक-दोन कार्यशाळांचे पैसे बरे मिळतात. हॉस्पिटल सगळ्यात शेवटी, तेही एकदम नाही. पाच दिवसांवरून दोनवर या, मग एकावर. हॉस्पिटलच्या करारात 'इथले पेशंट स्वतःच्या क्लिनिकला नेणार नाही' असं कलम असतं का ते वाचा. असेल तर पाळा, कारण त्याच सायकिअ‍ॅट्रिस्टचे फोन तुम्हाला पुढे हवे आहेत. शिवाय एकट्याच्या क्लिनिकला वॉर्ड नसतो. रात्री कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल तर कुठे पाठवायचं, कोणता सायकिअ‍ॅट्रिस्ट फोन उचलेल, हे पहिला क्लायंट घेण्याआधी ठरलेलं हवं. जास्त फी देणाऱ्याला चोवीस तास व्हॉट्सअ‍ॅपचा हक्क मिळतो असं अनेकांना वाटतं. तो मिळत नाही, हेही त्याच लेखी कागदात घाला.

जुन्या क्लायंटना तीन महिने आधी सांगा, आणि ज्यांचा उपचार ऐन मध्यावर आहे त्यांची फी संपेपर्यंत वाढवू नका. चौदातल्या दोन जागा कायमच्या कमी फीच्या ठेवा. रडून सांगेल त्याला सूट, असं केलंत की मग सगळेच रडतात. दोन जागा भरल्या की भरल्या. उरलेल्यांना एमजीएम मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी किंवा बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय सांगा, आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लिहूनच द्या. 'आम्ही जरा वेगळ्या प्रकारचं काम करतो' असं गुळमुळीत बोलून कुणाला परत पाठवू नका.

कराचं थोडक्यात: उपचार आणि कार्यशाळा यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे, कॉर्पोरेट प्रशिक्षणाला नाही. आणि जीएसटी नोंदणीसाठीची वर्षाला २० लाखांची मर्यादा मोजताना सूट असलेली रक्कमही धरतात. तुमची सेवा कुठल्या खान्यात बसते ते सीएकडून लेखी घ्या. पैसे यूपीआयने घ्या, पावती प्रत्येकाला, मागितली नाही तरी.

राजीनामा लिहिण्याआधी एक काम करा. गेल्या सहा महिन्यांत आलेल्या प्रत्येक नव्या क्लायंटच्या नावापुढे तो कुठून आला ते लिहा. हॉस्पिटल, अ‍ॅप आणि कंपनी वगळून, कुणा डॉक्टरच्या किंवा जुन्या क्लायंटच्या सांगण्यावरून आलेले महिन्याला एक-दोनच असतील, तर फी वाढवा पण अजून कुठलंच दार बंद करू नका. चार-पाच असतील तर अ‍ॅप याच महिन्यात बंद करा आणि जागा शोधायला लागा. पलासियाच्या मुख्य रस्त्यावर नको, आतल्या गल्लीत, तळमजल्यावर नको.