आर्डुइनोवरचा दिवा आधीपासूनच लुकलुकतोय, मग माझा प्रोग्राम बोर्डात गेला हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नवा आर्डुइनो उनो आर३ (प्रोग्राम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) लॅपटॉपला जोडल्या जोडल्या त्यावरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. मग तुम्ही 'ब्लिंक' हा दिवा लुकलुकवणारा तयार प्रोग्राम अपलोड केलात, तरी काहीच फरक दिसला नाही. शंका रास्त आहे. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड शिकवतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी नेमकं इथेच अडतं.

बऱ्याच बोर्डांमध्ये ब्लिंक आधीच भरलेला असतो. तुम्ही त्यावर पुन्हा तोच प्रोग्राम टाकलात, मग फरक दिसणार कुठून? तेव्हा आधी आकडे बदला. ब्लिंकमध्ये 'डिले', म्हणजे थांबायची आज्ञा, दोनदा येते आणि दोन्हीकडे १००० लिहिलेलं असतं. हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे एक सेकंद दिवा चालू, एक सेकंद बंद. पहिल्या ठिकाणी १०० लिहा, दुसऱ्या ठिकाणी २०००, आणि अपलोड करा. दिवा चटकन चमकून दोन सेकंद अंधार पडला, की तो ताल तुमचाच. आधी भरलेल्या ब्लिंकचा ताल असा नसतो.

ताल बदललाच नाही, तर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका. आधी केबल बदला. गेल्या वर्षी एका मुलाने दोन दिवस कोड पुन्हा पुन्हा लिहून काढला. बोर्डावरचा 'ऑन' दिवा व्यवस्थित पेटत होता, त्यामुळे केबलवर त्याला संशयच आला नाही. ती निघाली नुसत्या चार्जिंगची. आत डेटाच्या तारा नव्हत्याच. शेजारच्या मुलाची केबल लावली आणि पहिल्या फटक्यात काम झालं. केबल ठीक असेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या टूल्स मेन्यूत बोर्ड आणि पोर्ट बरोबर निवडलेत का ते बघा. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती चिप ओळखता यावी म्हणूनचं सॉफ्टवेअर) कधी कधी वेगळा टाकावा लागतो. आणि ० व १ नंबरच्या पिनांना काही जोडलं असेल तर अपलोड होईपर्यंत काढून ठेवा, कारण प्रोग्राम त्याच वाटेने आत जातो. अपलोड होताना 'टीएक्स' आणि 'आरएक्स' हे दोन दिवे भराभर फडफडतात, ते दिसले पाहिजेत.

'यातून पुढे काय शिकायचं?' असंही तुम्ही विचारलंय. त्यासाठी एक प्रयोग आज रात्रीच करा. दोन्ही डिले १० करा. आता दिवा सेकंदाला ५० वेळा उघडझाप करतोय, पण डोळ्याला तो जवळपास सलग पेटलेलाच वाटेल, फक्त थोडा मंद. खोलीतला लाइट घालवा, बोर्ड हातात धरा आणि केबलला ताण न देता झपकन आडवा फिरवा. अंधारात सलग रेघ उमटणार नाही, तुटक तुटक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे तुम्ही लिहिलेले १० मिलिसेकंद. मुलांना हे पहिल्यांदा दाखवतो तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि मग प्रत्येकाला बोर्ड स्वतःच्या हातात हवा असतो. नंतर चालूचा वेळ २ करा आणि बंदचा १८. दिवा आणखी मंद होईल. व्होल्टेज तेवढंच आहे, बदलला फक्त वेळेचा वाटा. यालाच पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणतात, आणि मोटरचा वेग कमी-जास्त करायलाही हीच युक्ती वापरतात.

बाहेरचा एलईडी लावणार असाल तर लांब पाय पिनेकडे, आखूड पाय ग्राउंडकडे (बोर्डावर 'जीएनडी' लिहिलेली पिन), आणि मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर हवाच. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, पिनेच्या ५ व्होल्टमधले उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात, म्हणजे करंट १३-१४ मिलिअँपिअर. पिनेला ते सहज झेपतं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग अगदी किरकोळ पैशांत मिळतात.

यानंतरची पायरी मात्र चुकवू नका. डिले चालू असताना तुमचा प्रोग्राम दुसरं काहीच करत नाही. उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एका सेकंदाच्या डिलेत १ कोटी ६० लाख ठोके नुसते वाट बघण्यात जातात. तेवढ्यात कुणी बटण दाबून सोडलं तर लूपला, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाला, त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तोच दिवा डिले न वापरता, 'मिलिस'ने (बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी आज्ञा) वेळ बघून लुकलुकवून पाहा: मागच्या वेळी दिवा पालटला तेव्हाचा आकडा लक्षात ठेवायचा, आत्ताच्या आकड्यातून तो वजा करायचा, आणि १००० झाले असतील तरच दिवा पालटायचा. वेळ साठवायला 'अनसाइन्ड लाँग' (ऋण नसलेले मोठे आकडे ठेवणारा प्रकार) हाच घ्या. मिलिसची मोजणी साधारण ५० दिवसांनी पुन्हा शून्यावर येते, पण वजाबाकी करून तुलना केली असेल तर तेव्हाही काही बिघडत नाही.

आमच्या घरच्या पाण्याच्या टाकीचा पंप असाच एक उनो सांभाळतो. पाण्याची पातळी बघायची, रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चालू-बंद करायचा, आणि या सगळ्याबरोबर त्याच लूपमध्ये १३ नंबरच्या पिनेवरचा, म्हणजे ब्लिंकवाला, दिवा सेकंदाला एकदा पालटायचा. जिना चढताना माझी नजर त्या दिव्याकडे जाते. उघडझाप दिसली की लूप फिरतोय. तो नुसता पेटून राहिला किंवा विझून राहिला, तर मी पंपाचा स्विच आधी बंद करतो आणि मग बोर्ड उघडतो.