वाचकांचे प्रश्न: हिमवादळ आणि घरात अडकलेली मुलं

प्रश्न: दोन दिवस हिमवादळाचा इशारा आहे. मुलं ४ आणि ८ वर्षांची. मागच्या वेळी सकाळी अकरालाच सगळे खेळ संपले आणि मग दिवसभर भांडणं. काय करावं?

उत्तर: खेळ बहुतेक संपले नव्हते, सगळे एकदम बाहेर आले होते. वादळाच्या आदल्या रात्रीच निम्मी खेळणी खोक्यात भरून नजरेआड ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढा. मुलांना ती नवीच वाटतात.

दिवसाची आखणी घड्याळापेक्षा अंगातल्या रगेवर करा. आधी धावपळ, मग बैठं काम, पुन्हा धावपळ. ४ वर्षांचं मूल एका जागी पंधरा-वीस मिनिटं रमलं तरी खूप झालं. धावपळीसाठी जमिनीवर कागदी चिकटपट्टीने वाकड्यातिकड्या रेषा आखा: एकीवरून टाचेला बोट लावत चालायचं, दुसरीवरून बेडूकउड्या, तिसरीवरून उलटं. पट्टी कागदीच घ्या, प्लॅस्टिकची पट्टी काढताना फरशीवर गोंद राहतो. पायमोजे काढायला लावा, नाहीतर पहिल्याच वळणावर कोणीतरी घसरतं. भांडणं टाळायची असतील तर दोघांची शर्यत लावू नका, प्रत्येकाची स्वतःच्याच आधीच्या वेळेशी लावा. ४ विरुद्ध ८ यात धाकटं दरवेळी हरणारच.

प्रश्न: मैदा आणि मिठाचा गोळा करून मुलांना देतो, पण तो हाताला चिकटतो. भाजला की वस्तूंना तडे जातात. कुठे चुकतं?

उत्तर: प्रमाण एकाच वाटीने मोजा: 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, पाऊण ते 1 वाटी पाणी. चिकटण्याचं कारण बहुधा पाणी एकदम ओतणं. आधी पाऊण वाटीच घाला, उरलेलं चमच्याचमच्याने. मग आठ-दहा मिनिटं चांगलं मळा. मळणं अर्धवट राहिलं की गोळा बोटांना धरतो, आणि आपण घाईने आणखी मैदा घालतो. तोच पुढे कोरडा पडून फाटतो. जाडं मीठ घेतलंत तर ते विरघळत नाही आणि पातळ कडांना चिरा पडतात.

तडे जातात ते जाडी आणि आच यांमुळे. वरचा थर वाळून आकसतो, आत ओल तशीच राहते, मग वरचा थर फाटतो. वस्तू अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. ओव्हन साधारण 100 अंश सेल्सिअसवर ठेवून दोन ते तीन तास वाळवा, मध्ये एकदा उलटा. वस्तू फुगत असतील तर पिठाचं पाकीट वाचा, त्यात बेकिंग पावडर मिसळलेली असू शकते. वीज नसेल तर खोलीतच जाळीवर ठेवा. दोन-तीन दिवस लागतात, पण तडे कमी जातात.

एक गोष्ट पक्की सांभाळा. यात मीठ इतकं असतं की लहान मुलाने किंवा घरातल्या कुत्र्याने मोठा तुकडा खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. खेळ संपला की गोळा डब्यात, डबा उंचावर.

प्रश्न: मुलांना बाहेर बर्फात जायचंच आहे. वादळात कसं सोडणार?

उत्तर: सोडू नका, बर्फच घरात आणा. दारातून हात पोचेल तेवढ्यातच, मोठ्या माणसाने टोपभर भरून आणायचा. पारदर्शक पेल्यात भुरभुरीत बर्फ न दाबता काठोकाठ भरा आणि वितळल्यावर पाणी कुठवर येईल तिथे प्रत्येकाला खूण करू द्या. मुलं बहुतेक वेळा निम्म्यावर खूण करतात. ताजा, हलका बर्फ असेल तर पाणी साधारण दहाव्या हिश्शाएवढंच उरतं, कारण बाकी सगळी हवा. ओला, जड बर्फ असेल तर जास्त. मग ते पाणी पांढऱ्या रुमालातून गाळा. शुभ्र दिसणाऱ्या बर्फातूनही काळे ठिपके निघतात, आणि तो रुमाल मुलं उजेडाला धरून बराच वेळ बघत बसतात.

मोठ्यासाठी दोऱ्याचा प्रयोग. बर्फाच्या खड्यावर ओला सुती दोरा आडवा ठेवा, वर चिमूटभर मीठ, आणि एक-दोन मिनिटं हात लावायचा नाही. मिठाने वरचा थर वितळतो. वितळलेल्या पाण्याने मीठ पातळ झालं की तेच पाणी दोऱ्याभोवती पुन्हा गोठतं, आणि दोरा उचलला की खडाही वर येतो. फसतो तो मीठ जास्त झाल्याने किंवा दोरा नायलॉनचा असल्याने. मीठ आणि बर्फ एकत्र कातडीवर दाबून धरू देऊ नका. हे मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि भाजल्यासारखी जखम होते.

काळ्या लोकरी कापडाचा तुकडा अर्धा तास बाहेर गार होऊ द्या, मग त्यावर पडते कण झेला आणि भिंगातून बघा. सहा टोकं दिसतील. कापड उबदार असेल किंवा श्वास त्यावर गेला तर काही क्षणांत नुसता थेंब.

प्रश्न: वीज गेली तर?

उत्तर: सगळ्यांनी एकाच खोलीत या, दारं बंद. खुर्च्यांवर चादर टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी तंबू करा. जड पुस्तकं ठेवून चादर ताणू नका, ती डोक्यावर येतात. शेगडी किंवा हीटर असेल तर तंबू त्यापासून किमान एक मीटर लांब. आत मेणबत्ती नको, आणि ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी तर घरातच आणू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

सावल्यांच्या खेळासाठी टॉर्च चादरीपासून दीड-दोन मीटरवर ठेवा. हात चादरीजवळ असेल तर सावली लहान आणि रेखीव, टॉर्चजवळ नेला की मोठी आणि धूसर. मोबाइलचा दिवा वापरू नका, ती बॅटरी फोनसाठी लागेल. टॉर्च गोल चपट्या सेलचा असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आधी तपासा. असा सेल गिळला तर घशाला तासाभरातच इजा होऊ लागते, म्हणून मुलाला उलटी न करवता ताबडतोब वैद्यकीय मदत मागवा.