सम्मा वाचा (बुद्धांनी सांगितलेलं योग्य बोलणं) पाळायची म्हणजे चुकीचं दिसलं तरी गप्प बसायचं का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या हिशेबात घोळ दिसतोय, पण बोललात तर शेजारी दुखावतील आणि सम्मा वाचा मोडेल अशी भीती वाटते. माझं उत्तर स्पष्ट आहे: बोला. फक्त कुठे आणि कसं, ते आधी ठरवा.

मी ऐरोलीला राहतो. आमच्या विहारात दर रविवारी वंदनेत पंचशील होतं. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील, 'मुसावादा वेरमणी', तोंडपाठ असल्यामुळे अनेकांना वाटतं, खोटं बोललो नाही की झालं. पण सम्मा वाचेत चार गोष्टी टाळायच्या असतात: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि निरर्थक बडबड. मला यातली चहाडी सगळ्यात घातक वाटते, कारण ती बऱ्याचदा खरी असते. 'तो तुमच्याबद्दल असं म्हणत होता' हे अक्षरशः खरं असू शकतं, तरी त्यानं दोन घरांतलं बोलणं कायमचं बंद होतं.

तुमचाच प्रश्न अभय राजकुमारानं बुद्धांना विचारला होता: तथागत (म्हणजे स्वतः बुद्ध) दुसऱ्याला न आवडणारं बोलतील का? बुद्धांनी सरसकट हो किंवा नाही म्हटलं नाही. अभयच्या मांडीवर लहान मूल होतं. त्यानं खडा तोंडात घातला तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया येते, असं अभय म्हणाला. मग बुद्धांनी सांगितलं की जे खरं आणि हिताचं आहे ते अप्रिय असलं तरी तथागत बोलतात, योग्य वेळ पाहून. खरं असूनही हिताचं नसेल, तर ऐकणाऱ्याला कितीही आवडणारं असो, ते बोलत नाहीत. ही दुसरी बाजू आपण फार लवकर विसरतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आणखी एक कणखर गोष्ट सांगितली आहे: वरिष्ठाला काय वाटेल किंवा आपलं काय नुकसान होईल, यावर सम्मा वाचा अवलंबून नसावी. म्हणून सेक्रेटरी नाराज होईल एवढ्यासाठी गप्प राहणं मला धम्माला धरून वाटत नाही. बेलापूरला पारसिक हिलवर विपश्यनेच्या शिबिरात आर्य मौन पाळतात ते वेगळं. ते साधनेसाठी आणि ठरावीक दिवसांपुरतं असतं.

दुसऱ्याला त्याची चूक दाखवण्याआधी पाच गोष्टी पाहायला बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं होतं: वेळ योग्य आहे का, बोलणं खरं आहे का, सौम्य आहे का, हिताचं आहे का, मनात मैत्री आहे का. तुमच्या बाबतीत मी पहिल्या दोन गोष्टींवर थांबेन. घोळ 'दिसतोय' म्हणजे नेमकं काय दिसलं? शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याचा सभासदाला कायद्यानंच हक्क आहे, तो आधी मागा. तोपर्यंत गेटवर, लिफ्टमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्दही नको. कागद पाहूनही शंका उरली तर सेक्रेटरींना एकट्यात विचारा: 'दादा, ही रक्कम मला समजली नाही, सांगाल का?' उत्तर मिळालं नाही तर लेखी पत्र द्या आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर उभे राहा. तिथे रकमेबद्दल बोला, त्यांच्या घराबद्दल नाही.